सँड फिल्टर असूनही नळाला गढूळ पाणी आणि वाळू: माझा अनुभव

खानापूरकडे आमच्या बोअरला पावसाळ्यात लालसर पाणी. फिल्टर असूनही गढूळच, वर बादलीच्या तळाला वाळू. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टरची वाळू धुणं) वाढवला, नवीन कार्ट्रिज घातलं, नुसता वैताग.

शेवटी फिल्टरची टाकी उघडली. आत नदीची वाळू, चिखलाचे गोळे, खाली खडीच नाही!

मोटर बंद करून टाकी रिकामी केली. तळाचा चिरलेला स्ट्रेनर (पाणी सोडून वाळू अडवणारी जाळी) बदलला. स्ट्रेनर बुडेपर्यंत पाणी भरलं, म्हणजे खडीचा दणका बसत नाही. आधी ६-१२ मिमी खडी, मग ३-६ मिमी, वर धुतलेली ०.५-१ मिमी क्वार्ट्झ वाळू. वाळूच्या उंचीच्या निम्मी जागा वर मोकळी सोडाच. बॅकवॉशला वाळू फुगते. पाणी नितळ होईपर्यंत बॅकवॉश, मिनिटभर रिन्स (सरळ दिशेने पाणी सोडून ते बाहेर टाकणं), मग फिल्टर. व्हॉल्व्हची मूठ फिरवताना दरवेळी मोटर बंद. बांधकामाची एम-सँड (दगड चुरून केलेली वाळू) भरू नका, तिची भुकटी नळात उतरते.