उंबऱ्यावरचं स्वस्तिक कसं काढायचं

कुंकू पाण्यात घट्टसर कालवा. माझं पहिलं पार ओघळलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा कोळी कुठला गं?" अनामिकेनं आधी उभी रेघ, मग आडवी, टोकं उजवीकडं वळवा, चार घरांत चार ठिपके. सु आणि अस्ति, कल्याण असो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही हे चिन्ह आहेच. आमच्या सांगलीत शेजारच्या जैन काकू तांदळाचं काढतात: चार हात म्हणजे चार गती, म्हणजे जीव ज्यांत जन्म घेतो त्या चार अवस्था, वर तीन ठिपके, त्यावर चंद्रकोर नि एक ठिपका.

भाचा जर्मनीत आहे. त्याला बजावलंय, बाहेरच्या दारावर नको, देव्हाऱ्यातच काढ. नाझींनी १९२० साली लाल झेंड्यावर, पांढऱ्या वर्तुळात ते काळं नि तिरकं बसवलं. तिथल्या शेजाऱ्याला तेच आठवणार.

उरलेलं कुंकू तुळशीला.