न्यूग्रेंजला जाताना बाबागाडीवर भिस्त नको

आयर्लंडच्या मीथ काउंटीत पोरांना घेऊन न्यूग्रेंज हे अश्मयुगीन थडगं बघायला जायचं असेल, तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. गाडी थेट थडग्यापाशी नेता येत नाही. ब्रू ना बोइन्या या पर्यटक केंद्रातून नदीवरचा पूल ओलांडायचा, मग बस. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं, गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं हे बांधकाम. आतली वाट १९ मीटरच, पण मध्येच अशी अरुंद होते की मोठ्यांना अंग चोरून, वाकून जावं लागतं. पाठीवरची सॅक उतरवा, तान्ह्याला छातीशी धरा. आत दिवे मालवून हिवाळ्यातल्या सूर्योदयाचा किरण कसा शिरतो ते दाखवतात. अंधाराला घाबरणाऱ्याला आधीच कल्पना द्या. दुपारी आयर्लंडच्या प्राचीन राजांची ‘तारा’ नावाची टेकडी गाठा. तिथं तिकीट नाही, वारा मात्र बोचरा, आणि मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत पोरं मनसोक्त धावतात.