फोन हॅक होण्याआधी घरात काय तयार हवं

लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲप) इन्स्टॉल झाली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की तुमचा प्रत्येक ओटीपी चोरालाही दिसतो. मग त्याच फोनवर पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. म्हणून घरातला दुसरा कुणाचा फोन वापरायचा ते आजच ठरवा आणि सिमचा ट्रे उघडायची पिन सापडेल अशी ठेवा. सिम काढून त्या फोनात टाकलं की ओटीपी पुन्हा फक्त तुमच्याकडे येतात. ई-सिमवाल्यांना ही सोय नाही. त्यांची भिस्त बॅकअप कोडवर.

गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) सुरू केलं की 8 अंकी 10 बॅकअप कोड घेता येतात. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडा. ते कागदावरच उतरवा. त्याच कागदावर *#06# दाबल्यावर दिसणारे आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), बँकेचा हेल्पलाइन क्रमांक, खाते क्रमांक आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930. कागदाचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवणं म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवणं. खात्याचा रिकव्हरी क्रमांकही पाहून घ्या: बंद केलेल्या जुन्या सिमचा क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो.

व्हॉट्सॲपला 6 अंकी पिन आणि ईमेल लावा. पिन नसेल तर चोर आपला लावतो आणि तुम्ही 7 दिवस अडकता. तरीही लगेच नोंदणी करा, कारण एसएमएसवरचा कोड टाकताच चोर खात्याबाहेर पडतो.

प्रसंग आलाच, तर आधी विमान मोड लावा, वाय-फायही बंद करा, सिम हलवा. मग पहिला फोन बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. लगोलग 1930. कॉल फॉरवर्डिंग रद्द करायला सिमवर ##002# डायल करा. कॉल वळवलेले असतील तर ते सिम हलवल्यानंतरही वळतच राहतात. मग जीमेलचा पासवर्ड बदला, अनोळखी उपकरणं काढा आणि सेटिंगमधलं फॉरवर्डिंग व फिल्टर उघडून बघाच. पासवर्ड बदलला तरी तिथून मेल चोराकडे जात राहतात, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, तक्रारीसाठी मेसेज, फाइलचं नाव आणि व्यवहार क्रमांक यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून झाल्यावर. नंतर ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.