अंगणातल्या कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण : सुरुवातीच्या या चुका टाळा

अंगणातल्या किड्यामुंग्यांची पहिली छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली की बहुतेक नवशिक्यांची तक्रार एकच असते, ती म्हणजे फोटो अस्पष्ट आला. त्यावर उपाय म्हणून लगेच नव्या लेन्सचा शोध सुरू होतो, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अस्पष्टपणाची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारण छायाचित्रात आपली वेगळी खूण सोडते. कीटकाचा डोळा धूसर असून पाठ किंवा पानाची कड मात्र रेखीव दिसत असेल, तर फोकस चुकलेला असतो. सगळे चित्र एकाच दिशेने ताणल्यासारखे दिसत असून चकाकणाऱ्या बिंदूंच्या रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा हललेला असतो. फक्त मिशा किंवा पाय फिस्कटलेले असतील, तर कीटक हललेला असतो. कुठेच काही ठळक चुकलेले नसून सगळे चित्र सारखेच मऊ पडले असेल, तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, गरजेपेक्षा जास्त बंद केलेले असण्याची शक्यता मोठी आहे. फसलेला फोटो पुसून टाकण्यापूर्वी ही खूण ओळखावी, कारण उपाय तिच्यावरच ठरतो.

फोकस चुकण्याचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि त्यामागचे गणित समजल्याशिवाय ते कमी होत नाही. फुल-फ्रेम सेन्सरवर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावर, कीटकाची प्रतिमा त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात घेतली, तर एफ/८ ॲपर्चरला (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी जेमतेम १ मिलिमीटर असते. श्वास घेताना शरीर याहून अधिक पुढेमागे होते. ऑटोफोकस या अंतरात सतत चाचपडत राहतो, म्हणून तो बंद करावा, लेन्सवर आधी हवे ते प्रमाण ठरवून घ्यावे आणि मग फोकसचे कडे न फिरवता स्वतःच सावकाश पुढे झुकत, डोळा रेखीव होताच शटर दाबावे. प्रमाण १:२ केले, म्हणजे प्रतिमा निम्म्या आकाराची घेतली, तर त्याच ॲपर्चरला ही जाडी सुमारे ३ मिलिमीटर होते. त्यामुळे सुरुवातीचे बरेच दिवस याच प्रमाणात काम करावे, असा माझा आग्रह आहे.

या अरुंद पट्ट्याला कंटाळून अनेकजण ॲपर्चर थेट एफ/२२ वर नेतात. मॅक्रोमध्ये तसे केल्याने हाती येते त्यापेक्षा जास्त गमावले जाते. १:१ प्रमाणात ॲपर्चरचा परिणामी आकडा साधारण दुप्पट होतो, म्हणून एफ/२२ हे एफ/४४ सारखे वागते. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूचे वर्तुळ होते आणि डोळ्यांतल्या बारीक जाळीसारखा जो तपशील टिपण्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच पुसला जातो. काही कंपन्यांचे कॅमेरे हा परिणामी आकडाच पडद्यावर दाखवतात, तर काही दाखवत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहावे आणि स्पष्टता कोन बदलून मिळवावी. चतुर किंवा टाचणी (चतुरासारखाच पण सडपातळ कीटक) बाजूने टिपताना त्यांचे शरीर सेन्सरला समांतर राहिले, तर तोच एक मिलिमीटरचा पट्टा डोक्यापासून शेपटापर्यंत पुरतो. उभ्याने वरून घेतलेला फोटो मात्र पाठ दाखवतो आणि चेहरा हरवतो. त्यासाठी गुडघे टेकून कीटकाच्या पातळीवर उतरण्याला पर्याय नाही.

कॅमेरा हलणे आणि कीटक हलणे या दोन्हींवर खरा उपाय फ्लॅश हा आहे. लेन्सच्या फोकल लांबीवरून शटरचा वेग ठरवण्याचा नेहमीचा नियम इतक्या जवळून पुरत नाही, आणि लेन्समधले कंपनरोधक तंत्रही या अंतरावर बरेच कमी पडते. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ते ४०० आणि फ्लॅशची शक्ती पूर्ण शक्तीच्या १/१६ किंवा त्याहून कमी ठेवली, तर चित्र जवळजवळ फक्त फ्लॅशच्या उजेडात उमटते. इतक्या कमी शक्तीला तो झोत साधारणपणे १/५००० सेकंदाहूनही कमी टिकत असल्याने हालचाल गोठते. वारा असेल तर फांदी डाव्या हाताच्या बोटांत हलकेच धरून त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवावी, म्हणजे फांदी आणि कॅमेरा एकत्रच हलतात.

फ्लॅश आला की पुढची चूक ठरलेली असते, ती म्हणजे उघडा फ्लॅश. भुंग्याच्या पाठीवर किंवा मुंगळ्याच्या डोक्यावर पांढरा जळका ठिपका पडतो आणि बाकीचा भाग काळा राहतो, कारण अशा गुळगुळीत कवचावर प्रकाशस्रोताचे प्रतिबिंबच उमटते. स्रोत कीटकाच्या तुलनेत जितका मोठा, तितके ते प्रतिबिंब पसरट आणि सौम्य होते. म्हणून डिफ्युझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, मोठा असणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे कीटकाच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे. फ्लॅशच्या तोंडावर बसवलेली छोटी पांढरी टोपी जवळपास निरुपयोगी ठरते. त्याऐवजी ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लास्टिकचा तुकडा वाकवून तो लेन्सच्या पुढच्या कडेपर्यंत, कीटकाच्या वर येईल असा बसवावा, आणि फ्लॅश व कागद यांच्यात थोडे अंतर ठेवावे, म्हणजे पूर्ण कागद उजळतो. हा डिफ्युझर घरीच करून पाहावा, त्याचा आकार बदलत राहावा. फोटोंचा दर्जा त्याने जितका वाढतो तितका नव्या कॅमेऱ्याने वाढत नाही, असे मी ठामपणे म्हणेन. पार्श्वभूमी काळीकुट्ट येत असेल, तर फ्लॅशचा उजेड मागे पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. कीटकाच्या थोडे मागे एखादे पान येईल असा कोन घ्यावा किंवा आयएसओ वाढवून आजूबाजूचा उजेडही चित्रात येऊ द्यावा.

कीटक उडून जात असतील, तर वेळ आणि चाल तपासावी. कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते, त्यामुळे सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात आणि भर उन्हात हाती लागत नाहीत. माशीचे डोळे आपल्यापेक्षा फार जलद बदल टिपतात, म्हणून झटक्याने पुढे जाऊ नये आणि आपली सावली तिच्यावर पडू देऊ नये. मात्र किडा स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणे किंवा चिकटवणे हे क्रौर्य आहे. त्यापेक्षा कोवळ्या शेंड्यावरचा मावा आणि त्याचा गोड स्राव टिपायला येणाऱ्या मुंग्या शोधाव्यात. मावा जागा सोडत नाही आणि मुंग्या पुन्हापुन्हा तिथेच येतात.

साधनांबाबत थोडक्यात. लेन्सवर लिहिलेले किमान अंतर सेन्सरपासून मोजलेले असते. सुमारे ३० सेंटिमीटर लिहिलेल्या १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्सच्या टोकापुढे त्यातले जवळपास निम्मेच उरते, आणि हूड (लेन्सच्या तोंडावरची सावलीची कडी) लावल्यास त्याहून कमी. हातातल्या ५० मिलिमीटर लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यात बसणारी पोकळ नळी) लावली तर प्रमाणात १:२ एवढी भर पडते, आणि सरावाला तेवढे पुरते. १:१ ला फुल-फ्रेम सेन्सरवर ३६ मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र मावते. २ मिलिमीटरचा मावा त्यात लहानच दिसणार, तेव्हा तो कडा कापून मोठा करण्यात गैर काही नाही. कापल्यानंतर प्रत्येक चित्रात त्याच जागी करडे डाग दिसले, तर ती सेन्सरवरची धूळ असते. लहान ॲपर्चरला ती उठून दिसते आणि लेन्स कितीही पुसली तरी जात नाही, त्यासाठी सेन्सरच साफ करावा लागतो.