घरातला नोंदींचा कोपरा मांडताय? या चुका टाळा

दोघंही नोकरीला, मुलं शाळा आणि क्लासला, घरात आजी किंवा आजोबा. अशा घरात तारखा, बिलं, किल्ल्या आणि वाण्याची यादी एकाच ठिकाणी सापडली पाहिजे. हौसेनं असा कोपरा मांडणारे पुष्कळ असतात, पण थोड्याच दिवसांत तो ओस पडतो. कारणं दर वेळी तीच.

दिसायला छान म्हणून जागा निवडणं. माझ्या भावाकडे हॉलमध्ये सोफ्याच्या वर पांढरा फळा लागला. चौघांना चार रंगांची पेनं, शेजारी अ‍ॅक्रिलिकचे खण, त्यांवर छापील लेबलं. येणारा जाणारा कौतुक करायचा. पण फळ्यावर लिहायचं तर सोफ्यावर गुडघे टेकून चढावं लागे. सकाळी डबा भरता भरता कोण चढणार?

गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं, ते ‘महत्त्वाचे’ या खणात गेलं. त्यात आधीच लग्नपत्रिका, मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि शाळेची जुनी परिपत्रकं होती. भावाला वाटलं वहिनीनं पैसे भरले, वहिनीला वाटलं खात्यातून आपोआप गेले. दिवाळीच्या साफसफाईत पत्र हाती लागलं, तेव्हा मुदत संपून ९० दिवस उलटून गेले होते. पाच वर्षं एकही क्लेम नव्हता, म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, मिळत होता. तो शून्यावर आला. नवी पॉलिसी देण्याआधी कंपनीनं गाडीची तपासणी केली ती वेगळीच. आणि मधल्या काळात ती गाडी कायद्यानं सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमाही नसताना रस्त्यावर धावत होती. याचा मला आजही राग येतो, कारण त्या भिंतीवर खर्च भरपूर झाला होता आणि विचार अजिबात झाला नव्हता.

जागा स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार यांच्या मधल्या वाटेवर हवी, उभ्याउभ्या लिहिता येईल अशी. शेगडीजवळची भिंत नको, फोडणीचा तेलकटपणा कागदावर बसतो. पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको.

खणांना नावं द्यायची ती कामाची: ‘भरायचं’, ‘सही करायची’, ‘परत द्यायचं’. ‘महत्त्वाचे’ आणि ‘इतर’ ही नावं ठेवूच नका, त्या खणांत गेलेला कागद कुणी बाहेर काढत नाही. काम झालेला कागद त्याच दिवशी कपाटातल्या फाइलीत किंवा रद्दीत.

मुदतीची तारीख मुदतीच्याच दिवशी लिहिणं. विमा, पीयूसी, मालमत्ता कर यांची नोंद मी महिनाभर आधीच्या चौकटीत करते.

एकटीनंच लिहीत बसणं. घरच्या बाईनं सगळ्यांच्या तारखा गोळा करायच्या, लिहायच्या आणि पुन्हा सगळ्यांना आठवणही करून द्यायची, असं असेल तर कोपऱ्याचा उपयोग काय? तिचं एक काम वाढलं, इतकंच. माझ्याकडे नियम कडक आहे: ज्याचं काम त्यानं लिहायचं. सहलीचे पैसे भिंतीवर नोंदलेले नसतील, तर सकाळी दारात मागून मिळत नाहीत. पहिले काही दिवस रडारड होते, होऊ द्यावी. चौथीतलं मूल स्वतःची तारीख नीट लिहू शकतं. मोठ्या माणसांना जास्त वेळ लागतो.

फक्त मोबाइलवर विसंबणं. अ‍ॅप जरूर ठेवा, पण आजीला ते दिसत नाही आणि कामाच्या मावशींनाही नाही. कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत टिकून आहे, कारण त्यावर दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख आणि संकष्टी एकाच नजरेत दिसते. डिसेंबरात नवं कॅलेंडर आणलं की दरवर्षी येणाऱ्या तारखा त्यावर उतरवल्याशिवाय जुनं रद्दीत टाकू नका. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती तारीखही अशीच पुढे नेत राहावी लागते.

बाकीच्या चुका थोडक्यात. पेन दोरीनं बांधलेलं नसणं. मूळ आधार कार्ड किंवा पासपोर्ट तिथे ठेवणं. किल्ल्यांच्या खुंट्या डबल टेपनं चिकटवणं, त्या पडतातच, ड्रिल करा. आणीबाणीचे नंबर बारीक अक्षरात लिहिणं: ११२ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.

आणि एका रविवारात सगळं उरकण्याची घाई. व्हिडिओ बघून आधी डबे, ट्रे, लेबलं मागवणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: पहिला महिना कॅलेंडर, बांधलेलं पेन आणि एक खुंटी, एवढ्यावर काढा. कुठला कागद कुठे साचतो ते तोवर दिसेल, मग तेवढ्याच मापाचा खण आणा.