पद्मिनीचा हेडलाइट मंद? बल्ब बदलण्याआधी हे तपासा

प्रीमियर पद्मिनीचा एक हेडलाइट पिवळट पडला की हात आधी बल्बकडे जातो. बहुतेक वेळा बल्ब ठणठणीत असतो आणि दगा देते ती अर्थिंग, म्हणजे दिव्यातून करंट गाडीच्या बॉडीत उतरवणारी जोडणी.

तिची एक खूण मीटरशिवाय कळते. डिपर (खालचा झोत) लावा. एक दिवा काजव्यासारखा आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा (वरच्या झोताचा) इंडिकेटरही किंचित उजळलेला दिसला, तर मंद दिव्याची अर्थ वायर सुटलेली आहे. करंटला बॉडीत उतरायला वाट नसल्याने तो डिपरच्या फिलामेंटमधून शिरतो, त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा बाहेर पडतो आणि पलीकडच्या दिव्यातून उतरतो. तीन फिलामेंट एकापाठोपाठ, मग उजेड कुठून पडणार? अर्थचा स्क्रू काढा, थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. दिवे चालू आणि होल्डर बल्बवरच हवा. मीटरच्या कंटिन्युइटी चाचणीच्या (वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या) नुसत्या बीपवर विसंबू नका: एकच तार शिल्लक राहिलेली वायरही बीप देते, पण 4 अँपियर ओढताना तिचा दम निघतो. शिवाय पलीकडच्या बल्बच्या फिलामेंटमधूनही बीप येतो.

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल बल्बच्या अर्थ टर्मिनलवर. 0.1 व्होल्टच्या आसपास उत्तम, 0.5 दिसले तर अर्थिंग पुन्हा करा. मग लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी डिपरच्या टर्मिनलवर. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. दीड व्होल्ट दिसले तर तो वाटेत कुठे गळतोय ते शोधा: आधी फ्यूजच्या दोन टोकांना पिना लावा, मग स्विचच्या. बल्बला मिळणाऱ्या 12 व्होल्टांतले 10 टक्के गेले की उजेड साधारण 30 टक्के घटतो, म्हणून दीड व्होल्ट किरकोळ समजू नका.

टॉर्पेडो फ्यूज दिसायला शाबूत असतो, पण टोकांवर काळपट थर चढतो आणि पत्र्याच्या पट्ट्या ढिल्या होतात. फ्यूजचे बाहेरचे अंग वितळलेले पण आतली तार शाबूत असेल तर दोष जास्त करंटचा नाही, ढिल्या पकडीचा. थर घासा, पट्ट्या जरा आत दाबा. मोठ्या अँपियरचा फ्यूज मात्र कधीच घालू नका.

स्विचमध्येच व्होल्ट गळत असतील, किंवा 60/55 वॅटचे हॅलोजन लावायचे असतील, तर रिले हवाच, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. 55 वॅटचे दोन बल्ब मिळून 9 अँपियरहून जास्त ओढतात. जुन्या स्विचच्या कॉन्टॅक्टना हे झेपत नाही. डिपर आणि अप्परला वेगळा रिले. बॅटरीची निगेटिव्ह सोडूनच हात घाला. पॉझिटिव्हपासून 15 अँपियरचा फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलला. 87 वरून दोन्ही दिव्यांना. स्विचकडून येणारी मूळ वायर 86 ला, 85 बॉडीला. फ्यूज बॅटरीजवळच बसवा, कारण त्याच्या आधीची वायर घासली तर ती वाचवणारे काहीच नसते. 100/90 वॅटच्या बल्बचा मोह टाळा, होल्डर वितळतो.

डायनमोवाल्या गाडीत सिग्नलला उभे असताना दिवे मंदावणे हा दोष नाही. आयडलिंगला डायनमो चार्ज देतच नाही. ॲक्सिलरेटर दिल्यावरही उजेड आला नाही, तर बेल्ट, ब्रश आणि कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) याच क्रमाने बघा.