जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनाचे पार्ट सोलापुरात बसून कसे जमवायचे

दुकानात जाऊन नुसतं "जीपचा पार्ट द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा "मालक, बोलेरो ना?" विचारतो. त्याचा काय दोष? त्याच्या जन्माआधीच ही इंजिनं बंद झालीत. म्हणून गाडीचं नाव सांगत बसू नका, इंजिनाचं सांगा.

त्यासाठी आधी बॉनेट उघडा. आपल्याकडच्या कितीतरी जीपांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंय. मूळ इंजिन असेल तर ते विलिज या अमेरिकन जीप कंपनीच्या घडणीचं, चार सिलिंडरचं, १३४ घन इंचाचं, म्हणजे साधारण २२०० सीसीचं. त्यात दोन जाती. एल-हेडमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वर नुसतं सपाट हेड (सिलिंडरांवरचं झाकण). एफ-हेड म्हणजे हरिकेन. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एग्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. वर टॅपेट कव्हर दिसलं की समजा एफ. उंच बॉनेटच्या सीजे-३बी मॉडेलच्या जीपमध्ये हेच येतं. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंप बसतो तिथं ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासा आणि फोटो काढा.

दोन्हींचा बोर (सिलिंडरचा व्यास) ३.१२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.३७५ इंच. त्यामुळे रिंगा, मेन बेअरिंग, बिग-एंड बेअरिंग एकमेकांना चालतात, आणि अमेरिकेत ती आजही नवी मिळतात. हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट मात्र चालत नाहीत. खरी गोम आहे ऑइल पंपात. सुरुवातीच्या एल इंजिनांना कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग चेन होती, पुढं गिअर आले. चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो, गिअरवर उलटा, म्हणून पंपाच्या गिअरचे दात उलट्या तिरकेपणाचे. टेबलावर ठेवले तर दोन्ही पंप जुळे भाऊ. विकणाऱ्याला "चेनचा का गिअरचा?" एवढंच विचारा. तो गडबडला तर पैसे खिशातच ठेवा.

आता मापं. मायक्रोमीटर नसलेल्या बोरिंगवाल्याकडं ब्लॉक उतरवूच नका. प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि आडवा-उभा मोजून घ्या. क्रँकपिन (क्रँकशाफ्टवर बिग-एंड बेअरिंग बसतं तो भाग) नवी असताना १.९३७५ इंच असते. तुमची कमी भरली तर ती झिजलीय किंवा आधी कुणीतरी घासलीय. मग १०, २० का ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज, म्हणजे तितक्या लहान मापाची बेअरिंगं लागणार ते क्रँक घासणाऱ्याशी ठरवा. जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडाही वाचा. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही, मग बोरिंगवाला कितीही घाई करू दे. बोअर ४० थाउच्या पुढं मी नेत नाही, सरळ स्लीव्ह (सिलिंडरात बसवायची नवी नळी) घालून घेतो.

यंत्रमागांच्या कृपेनं आपल्या गावात लेथवर मुरलेले हात भरपूर. बुश, स्टड, पुली असलं सामान अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुना नग दाखवून करून घ्या. आटे इंची, मेट्रिक नव्हेत, हे टर्नरला बजावून सांगा. मेट्रिक बोल्ट एक-दोन आटे आत जातो आणि अडतो. तिथं कुणी पाना मारला की ब्लॉकचे आटे गेलेच. रिंगा, बेअरिंग, कॅमशाफ्ट मात्र लेथवाल्याचं काम नव्हे. गंमत बघा, सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते, आणि आपण एका कॅमसाठी पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर दिल्लीच्या कश्मीरी गेटला फोन लावतो. हरियाणातलं मंडी डबवाली तर जीपांसाठीच नावाजलेलं. फोटो पाठवताना शेजारी पट्टी ठेवा.

वापरलेलं एफ-हेड घेणार असाल तर एक गोष्ट नीट बघा. त्याचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात लपलेला असतो. ठाऊक नसलेला मेकॅनिक बाकीचे सगळे बोल्ट काढतो आणि पहार घालून हेड उचकटतो. म्हणून हेडच्या कडेवर पहारीचे व्रण आहेत का ते बोट फिरवून तपासा. असले तर प्रेशर टेस्ट केल्याशिवाय सौदा नाही.

स्टार्टर शेवटी घ्या. फ्लायव्हीलची रिंग १२४ दातांचीही मिळते आणि १२९ चीही, सहा व्होल्ट का बारा यावर ते बदलतं. एका दातावर खडूनं खूण करा, पूर्ण फेरी मोजा आणि आकडा सोबत न्या.